परिपत्रक कॉलेज रोडवरून निघतं

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातला कॉलेज रोड हा शिक्षणखात्याचा रस्ता. शंकर नेत्रालय, वुमेन्स ख्रिश्चन कॉलेज, हवामान खात्याचं कार्यालय अशा ओळखीच्या खुणा सांगत रिक्षावाला इथे आणून सोडतो. पण तमिळनाडूतल्या कुठल्याही शिक्षकाला त्या खुणांची गरज पडत नाही. 'डीपीआय' एवढं म्हटलं की पुरे. डीपीआय म्हणजे डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन. १८५५ साली अलेक्झांडर आर्बथनॉट नावाचा साहेब मद्रास इलाख्याचा पहिला शिक्षण संचालक झाला, त्या पदाचं नाव पुढे आख्ख्या आवाराला चिकटलं. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १८१२ मध्ये कंपनी सरकारच्या कोवळ्या अधिकाऱ्यांना दक्षिणी भाषा शिकवणारं फोर्ट सेंट जॉर्जचं कॉलेज. रस्त्याचं नाव त्यावरून पडलं. २०२२ च्या अखेरीस द्रमुकचे ज्येष्ठ नेते आणि माजी शिक्षणमंत्री प्राध्यापक के. अन्बळगन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आवाराला त्यांचं नाव देण्यात आलं. कागदोपत्री ते नाव चालतं, तोंडी अजून डीपीआयच.

राज्यातल्या सुमारे ३७ हजार सरकारी शाळांसाठीची परिपत्रकं याच आवारातून सुटतात. परीक्षेच्या तारखा, बदल्यांच्या याद्या, आणि गेल्या काही वर्षांत एक नवा विषय: शाळकरी मुलं आणि अमली पदार्थ. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी 'अमली पदार्थमुक्त तमिळनाडू' मोहीम सुरू केली. राज्यभरच्या मुलांनी शपथ घेतली, शाळा-महाविद्यालयांत व्यसनविरोधी मंडळं निघाली. पुढच्याच महिन्यात, १४ सप्टेंबरला, चेन्नई पोलिसांचा 'सिर्पी' उपक्रम आला: शहरातल्या १०० शाळा, प्रत्येक शाळेतली आठवीची ५० मुलं, म्हणजे एकूण ५,००० विद्यार्थी, आणि त्यांना शिस्त, कायदा, व्यसनांचे दुष्परिणाम असं सगळं शिकवणारे पोलीस.

जून २०२५ मध्ये नुंगंबाक्कमचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत वेगळ्याच कारणाने झळकलं. इथल्या पोलिसांनी कोकेनच्या एका प्रकरणात तमिळ चित्रपटांतल्या दोन नटांना अटक केली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने दोघांना जामीन दिला. तोवर वाहिन्यांनी पंधरवडाभर कोकेन या विषयावर रान उठवलं होतं. गंमत अशी की शाळेच्या बाकावर कोकेन क्वचितच पोचतं. ते महाग असतं. बाकावर पोचतं ते स्वस्त, लहान आणि बिनवासाचं.

उदाहरणार्थ, 'कूल लिप'. तंबाखूची एवढीशी पुडी, ओठ आणि हिरडी यांच्या मध्ये दडवायची. थुंकायला नको, धूर नाही, तोंड उघडल्याशिवाय दिसत नाही. तमिळनाडूत गुटखा आणि चघळायच्या तंबाखूवर २०१३ पासून बंदी आहे, तरी ही पुडी शाळांपर्यंत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे जामिनाचे अर्ज सुनावणीला होते. न्यायमूर्ती डी. भरत चक्रवर्ती यांनी त्या निमित्ताने शाळकरी मुलांमधला तिचा फैलाव नोंदवला आणि ती देशभरासाठीच असुरक्षित अन्नपदार्थ का ठरवू नये, अशी विचारणा केंद्र सरकारला आणि उत्पादकांना केली. शेजारच्या राज्यात विक्री खुली असेल तर एका राज्याची बंदी किती टिकते, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला नवा नाही. आपल्याकडचा गुटखाही असाच सीमा ओलांडून येतो.

पुडीच्या पुढची पायरी गोळ्यांची. चेन्नईत पोलीस वारंवार जप्त करतात त्या गोळ्यांत टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक असतं. अफूच्या कुळातलं औषध, शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा तीव्र दुखण्यासाठी डॉक्टरने लिहून द्यायचं. काही पोरं ते कुटून, पाण्यात विरघळवून शिरेतून टोचून घेतात. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात, मुंबईत मेफेड्रोनला एमडी किंवा 'म्याव म्याव'. फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं; नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांना ते कुरकुंभच्या कारखान्यात शेकडो किलोंनी सापडलं. शहरागणिक नावं बदलतात, गिऱ्हाइकाचं वय मात्र खाली खाली येतं.

ते किती खाली आलंय, याचं देशपातळीवरचं उत्तर २०१९ मध्ये मिळालं, आणि तेही न्यायालयाने कान पिळल्यावर. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं: सहा महिन्यांत राष्ट्रीय पाहणी करा, चार महिन्यांत आराखडा करा, शालेय अभ्यासक्रमात या विषयाला जागा द्या. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. १० ते १७ वयोगटात दारू घेणारे १.३ टक्के, अफूवर्गीय पदार्थ घेणारे १.८ टक्के, भांग-गांजा घेणारे ०.९ टक्के. यातला सर्वांत बोचरा आकडा हुंगण्याच्या पदार्थांचा आहे. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर वगैरे हुंगणारी मुलं १.१७ टक्के, तर मोठी माणसं ०.५८ टक्के. बाकी कुठल्याच नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे नाहीत. ही एकच नशा अशी की तीत मुलांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट. आणि तिचा माल दप्तरातच असतो. २०१२ साली केंद्राने बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली, पेनातला व्हाइटनर चालू ठेवला. सायकलच्या दुकानातल्या सोल्यूशनचं काय करायचं, हे कुठल्याच अधिसूचनेत मावण्यासारखं नाही.

मग शिक्षकाने करायचं काय?

परिपत्रकाचं उत्तर ठरलेलं असतं: जनजागृती करा. म्हणजे प्रार्थनेनंतर भाषण, भित्तिचित्रांची स्पर्धा, २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला फेरी, पोलीस निरीक्षकांचं व्याख्यान, जमलं तर एखाद्या सुधारलेल्या व्यसनी माणसाची करुण कहाणी. यातलं बरंचसं निरुपयोगी आहे, आणि हे मत कुणा चिडलेल्या संपादकाचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने व्यसनप्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष २०१३ मध्ये काढले, २०१८ मध्ये सुधारले. जगभरातले अभ्यास चाळून त्यांनी परिणाम न दिसलेल्या किंवा उलटा परिणाम दिसलेल्या गोष्टींची यादी दिली आहे: एकतर्फी व्याख्यान, नुसती माहिती, त्यातही भीती घालणारी, माजी व्यसनींची कथनं, पोलिसांनी घेतलेले तास. अमेरिकेने हा धडा महागात गिरवला. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन 'नाही म्हणा' शिकवायचा. देशभर पसरला, आईबापांना आवडला, टी-शर्ट खपले. १९९४ मध्ये त्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला तेव्हा मुलांच्या व्यसनांवरचा परिणाम जवळजवळ शून्य होता.

माजी व्यसनींबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठी वाचकाला हे खटकेल. पुण्याचं मुक्तांगण उभं राहिलं ते बऱ्याच अंशी व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांच्या खांद्यावर. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी केंद्र सुरू केलं. चेन्नईत त्याच्या सहा वर्षं आधी, १९८० मध्ये, शांती रंगनाथन यांनी दारूने पती गमावल्यावर टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन काढलं. अड्यारजवळ इंदिरा नगरात आज ते टीटीके रुग्णालय म्हणून ओळखलं जातं. उपचारात आधीच्या रुग्णाचा शब्द नव्या रुग्णाला पटतो, कारण तो त्याच वाटेने गेलेला असतो. पण ज्या पाचशे मुलांतल्या चारशे नव्वदांनी अजून काहीच घेतलेलं नाही, त्यांच्यासमोर तीच कहाणी वेगळी पोचते. चौदा वर्षांच्या पोराला त्यातलं साहस ऐकू येतं, आणि शेवटी माणूस धडधाकट समोर उभा दिसतो.

याच्या उलट जे चाललं, ते पाहिलं तर चकित व्हायला होतं. १९८५-८६ मध्ये बाल्टिमोरच्या पहिली-दुसरीच्या वर्गांत शिक्षकांनी एक साधा खेळ खेळवला. वर्गाचे गट पाडायचे, नियम चार, आणि गटातल्या सगळ्यांनी नियम पाळले की गटाला शाबासकी. अमली पदार्थ हा शब्दसुद्धा कुठे नाही. सहा वर्षांच्या मुलांपुढे तो कशाला काढायचा? संशोधकांनी ती मुलं वीस वर्षांची होईपर्यंत माग ठेवला. खेळ खेळलेल्या वर्गांतल्या मुलग्यांत व्यसनाधीनतेचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मं निघालं, आणि सर्वांत मोठा फरक पडला तो पहिलीत दांडगाई करणाऱ्या मुलग्यांत. म्हणजे ज्यांना आपल्याकडे वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलं जातं, त्यांच्यात. व्यसनप्रतिबंधाचं काम कुणी केलं असेल, तर पहिलीच्या बाईंनी, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

म्हणून शिक्षकाची भूमिका वक्त्याची नाही. मुलाला रोज सहा तास पाहणारा दुसरा मोठा माणूस कुणाकडेच नसतो. चेन्नईच्या झोपडवस्तीतल्या कामकरी आईकडेही नाही आणि नुंगंबाक्कमच्या सदनिकेतल्या दोन नोकऱ्यांच्या घरातही नाही. बदल आधी शिक्षकाला दिसतो. पहिल्या तासाला डोकं बाकावर. मधल्या सुट्टीनंतर रिकामी जागा. जुने मित्र सुटलेले, नवे शाळेबाहेरचे. उसनवारी वाढलेली. चेन्नईच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. अर्थात यातली प्रत्येक खूण दुसऱ्याच कारणाची असू शकते: पहाटे चारला पेपर टाकणारं पोर पहिल्या तासाला झोपणारच, आणि पूर्ण बाह्यांखाली घरच्या माराचे वळही असतात. निदान करणं शिक्षकाचं काम नव्हे. 'तुझं बरं चाललंय ना?' हे एकट्यात, न ओरडता विचारणं त्याचं काम.

जानेवारी २०२४ मध्ये तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात, कोत्तूरच्या सरकारी शाळेत नेमकं हे घडलं. काही मुलं वर्गात विचित्र वागू लागली. शिक्षकांनी छडी काढण्याऐवजी चौकशी केली, तेव्हा शाळेजवळच्या पानटपरीवरची चॉकलेटं पुढे आली. चॉकलेटांत गांजा होता. आधी फुकट वाटून मग विकण्याची जुनीच युक्ती. शाळेने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी विक्रेत्यांना पकडलं. या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलं आरोपी ठरली नाहीत.

कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे, पण शिक्षकांच्या खोलीत हे फारसं कुणी सांगत नाही. बालन्याय कायदा, २०१५ म्हणतो की अमली पदार्थांच्या सेवनात किंवा व्यापारात ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' आहे. त्याचा रस्ता बालकल्याण समितीकडे जातो, कोठडीकडे नाही. मुलाला दारू, तंबाखू, अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. मुलाच्या हातून माल पोचवणाऱ्याला कलम ७८ खाली तितकीच शिक्षा. स्वतः सेवन केलेल्या मुलाचा गुन्हा किरकोळ वर्गात मोडतो, आणि २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, मोठ्यांच्या साथीने केलेला नसेल तर, त्यासाठी एफआयआर नोंदवायचाच नाही; पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल पुरे. 'पोलिसात कळवलं तर पोराचं आयुष्य जाईल' ही भीती कायद्याच्या पानावर खोटी आहे. ठाण्याच्या बाकड्यावर ती कितपत खोटी, हे ठाण्यागणिक ठरतं, आणि शिक्षकाला ते पक्कं माहीत असतं. म्हणून तो गप्प राहतो.

गप्प राहण्याहून वाईट म्हणजे दाखला हातात ठेवणं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत ती भिंत संपते, आणि नेमक्या त्याच वयात पुडी, गोळी, बाटली जवळ येते. शाळेची अब्रू राखायला टीसी देणं हा मुख्याध्यापकाला सर्वांत सोपा मार्ग वाटतो. बोर्डाचा निकाल सुधारतो, पालकसभेत टाळ्या पडतात. मुलाच्या बाजूने बघितलं तर दिवसातले सहा तास एकदम मोकळे झाले, आणि ते भरायला टपरीवरचा दादा तयारच आहे. अमेरिकेतल्या किशोरांच्या प्रचंड राष्ट्रीय पाहणीतून १९९७ मध्ये निघालेला निष्कर्ष असा होता की 'ही शाळा माझी आहे' असं वाटणारी मुलं व्यसनांपासून अधिक सुरक्षित असतात. टीसी नेमका तोच धागा कापतो.

एवढं सगळं शिक्षकाच्या पदरात टाकून मोकळं होणं सोयीचं आहे. पण एक भारतीय अभ्यास या सोयीला आडवा येतो. पर्वरीच्या 'संगथ' या गोव्यातल्या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७० हून अधिक माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तोच कार्यक्रम, तीच पत्रपेटी, तेच वर्गातले उपक्रम. काही शाळांत ते प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकाने राबवले, काहींत त्याच भागातल्या, डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नसलेल्या एका प्रशिक्षित माणसाने. अभ्यास व्यसनांचा नव्हता; शाळेचं वातावरण, उदासी, दादागिरी, मारामाऱ्या यांचा होता. बाहेरच्या समुपदेशकाच्या शाळांत सगळं लक्षणीय सुधारलं. शिक्षकाच्या शाळांत फरक जवळजवळ काहीच नाही.

शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ लावणं अन्याय होईल. त्यांना अभ्यासक्रम संपवायचा होता, पोषण आहाराचा हिशेब होता, निवडणुकीची कामं होती. शिवाय जो गुण देतो, त्याच्याकडे मूल मनातलं बोलत नाही, हे कुठल्याही मुलाला विचारावं. तमिळनाडूने हे थोडं ओळखलं आहे असं दिसतं. सरकारी शाळांत 'माणवर मनसु' म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनातलं सांगण्याच्या पेट्या लागल्या. १४४१७ ही शालेय मदतवाहिनी २०१८ साली सुरू झाली, तीही कॉलेज रोडच्या याच आवारातून. देशपातळीवर मुलांसाठी १०९८ आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि जुलै २०२४ पासून अमली पदार्थांच्या तक्रारींसाठी १९३३. केंद्राने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी 'नवचेतना' नावाचे पाठही तयार केले. क्रमांकांची कमतरता नाही. कमतरता आहे ती पलीकडे फोन उचलल्यावर मुलापर्यंत चालत येणाऱ्या माणसाची.

आणि ज्याच्यावर भिस्त, तो शिक्षक कुठे आहे? डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात तो याच डीपीआयच्या आवारात जमिनीवर बसला होता, उपोषणाला. १ जून २००९ च्या आधी आणि नंतर नेमलेल्या सेकंडरी ग्रेड शिक्षकांच्या पगारात मोठी तफावत आहे; समान कामाला समान वेतन ही मागणी. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी समिती जाहीर केली, उपोषण सुटलं. २०२३ च्या सप्टेंबरअखेर तेच शिक्षक त्याच जागी पुन्हा बसले.

सरकारची आणखी एक अडचण आहे, ती बोलायला अवघड. २००३ पासून तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री सरकारी मालकीचं टासमॅक महामंडळ करतं, आणि त्यातून तिजोरीत वर्षाला ४०,००० कोटी रुपयांहून अधिक येतात. जून २०२३ मध्ये ५०० दुकानं बंद झाली. पण वर्गात व्यसनाबद्दल बोलणाऱ्या शिक्षकाला एखादं पोर सरळ विचारतं की मग कोपऱ्यावरचं दुकान कुणाचं? बाप तिथूनच येतो. याचं उत्तर कॉलेज रोडवरच्या कुठल्या परिपत्रकात असण्याची शक्यता नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. १०० पेक्षा कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संधान बांधलं तरी चालेल. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी सरकारी शाळा या दुसऱ्या गटात येतात. तिथे ते संधान म्हणजे व्यवहारात मुख्याध्यापकांच्या वहीतला एक दूरध्वनी क्रमांक. तो जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा असेल, तिथे अठराच्या आतल्या मुलासाठी ठरलेला वार असेल, आणि मुलाला घेऊन जाणाऱ्या शिक्षकाची त्या दिवशीची हजेरी कामावरची धरली जाईल, एवढ्या तीन ओळी लिहायला खात्याला फार मोठं परिपत्रक लागणार नाही.